दार चांगलं, पण नाक्यावर अडकलं

"बाई, ऐकलंत का? माझ्या जावेच्या बहिणीची सून, ती साताऱ्याची, पहाटे फोनची रिंग वाजली न् धाडकन पडली!"

वहिनींची बातमी भिंतीपलीकडून येते ती अशीच, मथळा आधी. मी शेवग्याच्या शेंगा पाडत होते. आकडी झाडालाच टेकवून ठेवली आणि भिंतीपाशी गेले.

"काय वाईट बातमी होती फोनवर?"

"छे हो, फोन उचलला कुठे होता! नुसती रिंग. डोळे फिरवले, हातपाय ताठ झाले. मिनिटभरात आपोआप शुद्धीवरही आली. बाळंत होऊन चारच महिने झालेत, म्हणून चुलत सासू म्हणाली बाहेरचं काहीतरी. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, अंगारा लावून झाला. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली आणि म्हणाले, मेंदूचं नाही, हृदयाचं आहे. क्यूटी लांबलाय म्हणे. आता हा क्यूटी कोण?"

"ईसीजीच्या पट्टीवर क्यू नावाच्या खुणेपासून टी नावाची लाट संपेपर्यंतचा वेळ. दर ठोक्याला हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज चढते आणि उतरते, त्याला लागणारा वेळ म्हणा. ठोक्याच्या वेगाचा हिशोब करून बायकांमध्ये तो साधारण ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. ५०० च्या वर गेला की डॉक्टर गंभीर होतात."

"हिचा ५१० निघाला."

"मग बरोबर सांगितलं दुसऱ्यांनी. वीज वेळेवर उतरली नाही आणि तेवढ्यात एखादा अवेळी ठोका घुसला, तर ताल बिघडतो. हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. हातपाय ताठ होतात, म्हणून लोकांना फिट वाटते. ताल आपोआप जागेवर आला तर शुद्ध येते. नाही आला तर…"

"भरल्या संध्याकाळी नका बोलू ते."

"नाही बोलत. पण त्या रिंगचं सांगते. या आजाराच्या निरनिराळ्या जाती आहेत. पहिल्या जातीची माणसं पळताना, विशेषतः पोहताना, पडतात. दुसऱ्या जातीची माणसं अचानक आवाज झाला की पडतात. गजर, टेलिफोन, दारावरची बेल. आणि याच दुसऱ्या जातीत बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत धोका वाढतो. म्हणजे तुमची सून पुस्तकात लिहिल्याबरहुकूम पडली."

वहिनींनी पदर खोचला. एवढ्या शास्त्रात त्यांना रस नव्हता, पुढच्या भागात होता. "जावेची बहीण काय म्हणते ठाऊक आहे? माहेरची खोट आहे, मुलगी दाखवताना लपवलं. पोरीचे वडील चाळिशीत झोपेतच गेले, तेव्हा हार्ट अटॅक म्हणून सांगितलं होतं."

"लपवलं नसेल हो. त्यांनाच कळलं नसेल. साधारण २००० जन्मांमागे एकाला हा दोष असतो आणि कित्येकांना जन्मभर पत्ता लागत नाही. वडिलांकडून आला असेल, शक्य आहे. पण खोट खोट म्हणताना ती नेमकी कसली ते तरी ऐकाल का?"

"सांगा. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत मोकळी आहे."

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. तीन शिट्ट्यांत पेशी संपवण्याची सवय आहे.

"पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. लिटरला १४० मिलिमोल धरा. बाहेर रक्तात साडेतीन ते पाच. ठोका पडून गेला की पेशीच्या पटलात बसवलेली पोटॅशियमची दारं उघडतात. थोडं पोटॅशियम बाहेर पडतं, जाताना आपला धन विद्युतभार घेऊन जातं, आणि पेशी पुन्हा पहिल्यासारखी होते. दारं कमी पडली तर वीज उतरायला उशीर. तोच तुमचा लांबलेला क्यूटी."

"मग हिची दारं उघडत नाहीत."

"आधी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. या दाराचं जनुक आधी माशीत सापडलं बरं का. फळांवर घोंघावणारी चिलटं असतात ना, त्यांना ईथर हुंगवल्यावर काहींचे पाय थरथरायला लागले. तो काळ साठच्या दशकाचा, कॅलिफोर्नियातल्या नाचघरांत गो-गो नावाचा नाच जोरात. संशोधकांनी त्या जनुकाचं नाव ठेवलं 'ईथर-अ-गो-गो'."

"काय बाई थेर!"

"१९९४ मध्ये माणसात त्याचं भावंड सापडलं, एचईआरजी. लोक 'हर्ग' म्हणतात. १९९५ मध्ये युटा विद्यापीठातल्या मार्क कीटिंग यांच्या गटाने दाखवलं की क्यूटीच्या दुसऱ्या जातीत हेच जनुक बिघडलेलं असतं. सगळे म्हणाले, सापडलं! दार बिघडलंय, उघडत नाही. पण विस्कॉन्सिनला क्रेग जॅन्युअरी नावाचे एक डॉक्टर होते…"

"जानेवारी? आडनाव?"

"आडनावच. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये बिघडलेली जनुकं एकेक करून पेशींत घातली आणि दारं कुठे जातात ते पाहिलं. काही दारं पटलावर होती, पण काम करत नव्हती. काही दारं मात्र पटलावर नव्हतीच. तयार झाली होती, आतच पडून होती. पुढे २०१४ मध्ये दीडशेहून जास्त बिघाड असेच एकेक करून तपासले. दहातले जवळजवळ नऊ या दुसऱ्या प्रकारचे निघाले."

वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घराच्या वेळी झालं तसंच. सागवानी दारं सुताराने वेळेवर करून दिली होती. टेंपो जकात नाक्यावर आठ दिवस उभा. आम्ही चौकटीला चादर लावून झोपलो."

"अगदी तसंच! आता तुमच्याच नाक्याने पुढे जाऊ."

मी भिंतीवर कोपर टेकले.

"हे दार म्हणजे एक फळी नव्हे. चार सारख्या फळ्या जोडून एक दार होतं. एकेक फळी ११५९ अमिनो आम्लांची साखळी. ती तयार होते आंतर्द्रव्यजालिकेत, नववीच्या पुस्तकातली वळ्यावळ्यांची आकृती आठवा. तिथेच तिची घडी घातली जाते, साखरेची एक शेपटी चिकटवली जाते, चार फळ्या जोडल्या जातात. मग गॉल्जी संकुलात ती शेपटी बदलून मोठी होते, आणि शेवटी पिशवीत बसून दार पटलावर जातं. प्रयोगशाळेत हे वजनावरून कळतं. आतल्या कच्च्या मालाचं वजन १३५ किलोडाल्टन, गॉल्जी पार करून आलेल्याचं १५५. नमुना लावला की दोन पट्ट्या दिसतात. ज्यांचं दार अडकलंय, त्यांची १५५ ची पट्टी जवळजवळ दिसतच नाही."

"आणि नाका कुठला?"

"जालिकेच्या तोंडाशीच. तिथे एचएसपी-७०, एचएसपी-९० अशा नावांची सांभाळणारी प्रथिनं असतात. घडी नीट बसेपर्यंत ती फळीला धरून ठेवतात. बसली तर सोडतात. नाहीच बसली, तर तिच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारून ती प्रोटिआझोममध्ये तोडायला पाठवतात."

"बरोबरच आहे की. सदोष माल घरात कशाला?"

"बरोबर आहे, आणि गंमत तिथेच आहे. यातली बरीच दारं सदोष नसतात म्हणायची. ११५९ पैकी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. घडी जरा सैल बसते, इतकंच. पटलावर कशीबशी पोचली, तर त्यातली काही उत्तम उघडझाप करतात."

"हे कुणी पाहिलं?"

"त्याच जॅन्युअरींच्या प्रयोगशाळेत. पेशी ३७ अंशांऐवजी २७ अंशांवर ठेवल्या. थंडाव्यात घडी घालायला प्रथिनाला वेळ मिळतो. काही अडकलेली दारं सरळ पटलावर जाऊन बसली आणि चालायला लागली."

"मग पोरीला गारठ्यात ठेवायची?"

"माणूस २७ अंशांवर ठेवला तर दुसरंच काहीतरी होईल. म्हणून औषध शोधलं. दाराच्या आतल्या पोकळीत नेमकं बसणारं एक रसायन होतं. ते बसलं की घडी घट्ट होते, नाका सोडतो, दार पटलावर पोचतं. फक्त पोचतं ते बंदच, कारण औषध पोकळीत अडकलेलं."

वहिनी मोठ्याने हसल्या. "म्हणजे दार आलं, पण खिळे ठोकून आलं!"

"अगदी. मग २००२ मध्ये त्यांनी फेक्सोफेनाडिन घेऊन पाहिलं. शिंकांवर, पित्त उठल्यावर देतात ती गोळी. आता खरी भानगड ऐका. तिच्या आधी बाजारात टर्फेनाडिन होतं. तेही शिंकांवरच. पण एरिथ्रोमायसिनसारख्या औषधाबरोबर घेतलं की यकृत ते वेळेवर मोडू शकत नसे, रक्तात साचायचं आणि हेच पोटॅशियमचं दार बंद करायचं. माणसं दगावली. १९९८ मध्ये अमेरिकेतून ते गेलं. त्याच्या जागी आलं फेक्सोफेनाडिन, म्हणजे टर्फेनाडिनपासून यकृत जे तयार करतं तेच, आयतं. ते दार बंद करत नाही असं म्हणता येईल इतक्या कमी मात्रेत काही अडकलेली दारं मात्र सोडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं."

"मग द्या की तिला! मेडिकलमध्ये मिळते."

"अजिबात नाही. काही बिघाडांत चाललं, बाकीच्यांत नाही. तेही ताटलीतल्या पेशींत. माणसांचा हा उपचार अजून ठरलेला नाही. तिला डॉक्टर बीटाब्लॉकरच्या गोळ्या देतील. प्रोप्रानोलोल किंवा नॅडोलोल. त्याच घ्यायच्या, आणि फिटच्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारायचं."

पहिली शिट्टी झाली. वहिनींनी एक बोट दुमडलं.

"पण बाई, दोष वडिलांकडून आला म्हणता. आईकडून आलेलं जनुक चांगलं असणार. मग निम्मी दारं तरी चांगली हवीत."

हा प्रश्न बारावीच्या वर्गात पाच-सहा वर्षांतून एखादाच विद्यार्थी विचारायचा.

"चार फळ्यांचं दार, वहिनी. निम्म्या फळ्या चांगल्या, निम्म्या वाकड्या, आणि जोडणी आंधळी. चारही चांगल्या एकत्र येण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा, चार वेळा."

त्यांनी ओठ हलवले. "सोळात एक."

"काही बिघाडांत वाकडी फळी कुणाशी जुळतच नाही, एकटीच मोडीत जाते. तिथे निम्मी दारं मिळतात. पण ती जुळली, तर आपल्याबरोबर चांगल्या तिघींनाही नाक्यावर अडकवते. एकाच घराण्यात कुणाचा आजार सौम्य, कुणाचा कडक असतो, त्याची कारणं आणखीही आहेत, पण दोन घराण्यांतल्या फरकाचं हे एक मोठं कारण."

"पण मला एक सांगा, नाक्यावरच्याला कळतं कसं, चार फळ्या झाल्या की तीनच?"

"हे कोडं हर्गपेक्षा एका दुसऱ्या दारावर छान उलगडलं. स्वादुपिंडातलं दार. तुमच्या यजमानांची शुगरची गोळी ग्लिमेपिराइड ना? ती ज्याच्यावर काम करते तेच. या दारात चार फळ्या एका जातीच्या आणि चार दुसऱ्या जातीच्या. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लिली जॅन आणि यु नुंग जॅन या नवराबायकोच्या प्रयोगशाळेत दिसलं की दोन्ही जातींच्या फळ्यांवर तीन अमिनो आम्लांची एक चिठ्ठी असते. आर्जिनिन, लायसिन, आर्जिनिन. अर्थ एवढाच, हिला सोडू नका. आठही फळ्या जुळल्या की त्या एकमेकींच्या चिठ्ठ्या झाकतात. चिठ्ठी दिसेनाशी झाली की नाका उघडतो."

"मोजणी नाही, पावती नाही?"

"काही नाही. त्यांनी ती चिठ्ठी काढून टाकली, तर अर्धवट जोडणीही खुशाल पटलावर गेली. म्हणजे नाका कामाचा आहे, वहिनी. तो नसता तर अर्धीमुर्धी दारं सगळीकडे बसली असती. पण हाच नाका जरा जास्त कडक झाला की बाळांवर बेततं. हे दार पटलावर नसलं तर स्वादुपिंड थांबतच नाही, इन्शुलिन सोडत राहतं. काही नवजात बाळांची साखर जन्मल्याबरोबर धोकादायक उतरते ती यामुळे. तिथेही तीच तऱ्हा. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी प्रयोगशाळेत काही अडकलेली दारं पटलावर नेते आणि बंद करून ठेवते. टॉलब्युटामाइड बरं, पेशी धुतल्या की ते निघून जातं आणि दार मोकळं होतं."

दुसरी शिट्टी. वहिनींनी ती न ऐकल्यासारखं केलं.

"एकदा दार बसलं की बसलं ना? की तिथेही काही?"

"तिथेच तर रोजची कटकट आहे. पेशी बसलेली दारंही काढते. बाहेरचं पोटॅशियम फार कमी झालं की हर्गची दारं पटलावरून आत ओढते आणि तोडून टाकते. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने २००९ मध्ये सशांवर आणि माणसाच्या पेशींवर हे दाखवलं. पोटॅशियम उतरल्यावर क्यूटी का लांबतो, त्याचं एक कारण हे."

"उफराटंच आहे. बाहेर पोटॅशियम कमी असेल तर आतलं पटापट बाहेर जायला नको का?"

"हिशोबाने जायला हवं. पण जायला दार हवं ना! मूत्रपिंडात हाच प्रकार शहाणपणाचा ठरतो. तिथे रॉम्क नावाचं दार आहे, लघवीत पोटॅशियम सोडणारं. खाण्यातून पोटॅशियम कमी आलं की मूत्रपिंड ती दारं आत ओढून घेतं, जास्त आलं की जास्त बसवतं. या ओढाओढीत डब्ल्यूएनके-४ नावाच्या प्रथिनाचाही हात असतो. त्याच्यात बिघाड झालेली काही घराणी आहेत. त्यांची दारं नको तितकी आत जातात, रक्तात पोटॅशियम साचतं, रक्तदाबही चढतो. मूत्रपिंडाला जे शोभतं ते हृदयाला महागात पडतं, एवढं लक्षात ठेवा."

"मग पोरीने शहाळं प्यावं रोज?"

"शहाळ्याने आजार जात नाही. पण उलट्या-जुलाब झाले की 'बघू उद्या' म्हणायचं नाही, कारण त्यात पोटॅशियम वाहून जातं. रक्त तपासून घ्यायचं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी कुणी दिली तर हा आजार आधी सांगायचा. आणि उलटी होतेय म्हणून डोमपेरिडोन आणलंत, तर ते औषध स्वतःच हे दार बंद करतं. आधीच पोटॅशियम उतरलेलं, दारं आत गेलेली, उरलेल्यांना वरून खीळ."

"देवा! आमच्याकडे तर ती गोळी डब्यातच असते."

"सगळ्यांच्याच डब्यात असते. तुम्हा-आम्हाला सहसा त्रास होत नाही. तिला होऊ शकतो. म्हणून टाळायच्या औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्यायची आणि कागद पर्समध्ये ठेवायचा. दाताचा डॉक्टर असो की कानाचा, आधी कागद दाखवायचा."

"सगळीच औषधं दार बंद करतात का?"

"बहुतेक घातक औषधं दार बंद करतात. काही थोडी नाका बंद करतात. सोमल ऐकलंय ना? आर्सेनिक ट्रायऑक्साइड. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात ते आज जीव वाचवणारं औषध आहे. पण ते देताना ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात, पोटॅशियम चारच्या खाली जाऊ देत नाहीत. का? तर सोमल सांभाळणाऱ्या प्रथिनांची फळीवरची पकड सोडवतं, त्यामुळे नवी दारं पोचतच नाहीत. काळा आजारात देत ते पेंटामिडिनही असंच. गंमत म्हणजे नवं औषध तपासताना दोन मिनिटांत दार बंद होतं का एवढंच पाहिलं, तर ही दोन्ही निर्दोष सुटतात. बसलेली दारं जुनी होऊन निघतात, नवी येत नाहीत, आणि परिणाम दिसायला तास-दोन तास नाही, दिवस जातो. आता बऱ्याच ठिकाणी नवी दारं पोचतात का, याचीही वेगळी तपासणी करतात."

तिसरी शिट्टी झाली. वहिनी हलल्या नाहीत.

"थोडक्यात," त्या म्हणाल्या, "पोरीच्या अंगात खोट आहे ती एवढीशी. दार चांगलं, नाका कडक."

"डॉक्टर जनुक तपासतील तेव्हा तिचं नेमकं कळेल. पण दहातल्या जवळजवळ नऊंचं दार नाक्यावरच अडकलेलं असतं, म्हणून मी बोलले. आता करण्यासारखं सांगते. झोपायच्या खोलीतून गजर आणि मोठ्या रिंगचे फोन काढायचे. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि रक्ताच्या नात्यातल्या प्रत्येकाची पट्टी काढायची. तिची भावंडं, आई."

"आईची का? तुम्ही वडिलांकडून म्हणालात."

"मी अंदाज केला. पट्टी अंदाज करत नाही. आणि सगळ्यात आधी ते बाळ."

"बाळ?"

"दोन जनुकांतलं एक त्याला आईकडून मिळालंय. चांगलं की वाईट, निम्मी-निम्मी शक्यता. नाणं वर उडालंय, वहिनी. पट्टी काढून बघायचं आणि गरज पडली तर जनुकाचीही तपासणी. लहानपणीच गोळी सुरू झाली तर पुष्कळ जण सुखाने म्हातारे होतात."

वहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. त्यांना जावेच्या बहिणीला सांगायला काहीतरी मिळालं होतं.

"म्हणजे ती जिला माहेरची खोट म्हणते…"

"ती तिच्या नातवात असू शकते."

"त्याचं आडनाव तर सासरचं आहे!"

"आडनाव जनुकावर लिहिलेलं नसतं."

"थांबा, कुकर उतरवते आणि आत्ताच तिला विचारते. नातवाचा ईसीजी काढणार का, आणि त्यात काही निघालं तर आता ती कुणाच्या माहेरची म्हणायची ते!"